पंथ, प्रतिज्ञा आणि ग्रामसभा : चंद्रपूर-गडचिरोलीतील धार्मिक चळवळींचा पुनर्विचार

(१)

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे बहुधा तीन निरनिराळ्या अभ्यासपत्रिकांत वाटले गेलेले असतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' संतसाहित्याच्या अखेरच्या घटकात येते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेचा आणि तिच्यातून उदयाला आलेल्या जाणिवेचा विचार दलित साहित्याच्या पत्रिकेत होतो. गोंडांची लिंगोकथा लोकसाहित्याच्या अथवा अलीकडे आदिवासी साहित्याच्या वाट्याला जाते. परीक्षेच्या सोयीसाठी ही विभागणी योग्य असेलही. परंतु तिने एक गैरसमज दृढ केला आहे. या तीन परंपरा तीन वेगळ्या काळांतल्या, तीन वेगळ्या समाजांतल्या आणि परस्परांशी संबंध नसलेल्या आहेत, असा तो गैरसमज होय.

वस्तुस्थिती निराळी आहे. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या झाडीपट्टीत गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना, विहारातील वंदना आणि गोंडांच्या देवस्थानातील पूजा या गोष्टी शेजारीशेजारी चालतात. तिन्ही ठिकाणची माणसे एकाच बाजाराला जातात, एकाच धानाच्या हंगामावर जगतात आणि वडशाहून आलेले एकच नाटक रात्रभर बसून पाहतात. म्हणून आधुनिक समाजात धार्मिक पंथांचे आणि चळवळींचे स्थान कोणते, या प्रश्नाचा विचार करायचा तर त्यासाठी या दोन वनजिल्ह्यांइतके अर्थपूर्ण क्षेत्र महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

या प्रश्नाची उत्तरे साधारणतः दोन प्रकारची असतात. एक उत्तर तत्त्वज्ञानाकडे पाहते आणि पंथाची शिकवण उदात्त असेल तर त्याचे कार्यही उदात्त मानते. दुसरे उत्तर परिणामांची गोळाबेरीज करून पंथाला पुरोगामी अथवा प्रतिगामी ठरवते. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. एखाद्या पंथाने सामान्य माणसाला एकत्र बसण्यासाठी, प्रश्न विचारण्यासाठी आणि घेतलेला निर्णय बदलण्यासाठी जागा दिली का, ही कसोटी अधिक उपयोगी आहे. या कसोटीवर पाहता तिन्ही परंपरांचे सामर्थ्य आणि तिन्हींची घसरण, दोन्ही स्पष्ट होतात.

(२)

तुकडोजी महाराजांचा (१९०९–१९६८) जन्म अमरावती जिल्ह्यातील यावलीचा आणि त्यांचा गुरुकुंज आश्रमही त्याच जिल्ह्यातील मोझरीचा. तथापि त्यांच्या घडणीत चिमूर तालुक्यातील गोंदोड्याच्या अरण्याचे स्थान मोठे आहे. आरंभीचा एकांतसाधनेचा काळ त्यांनी ज्या वनांत घालवला, त्यांत हा परिसर येतो. ज्या चिमूरच्या आसमंतात हा साधक वावरला, तेथेच १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, जनतेचा उठाव झाला. या उठावामागे महाराजांच्या खंजिरी भजनांची प्रेरणा होती असे मानले जाते. त्याच महिन्यात चंद्रपूर येथे त्यांना अटक झाली आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले. एका भजनकाराला राज्यसत्तेने धोकादायक मानावे, ही घटना पंथाच्या सामाजिक शक्तीविषयी पुष्कळ काही सांगते.

परंतु गुरुदेव सेवा मंडळाचे खरे वैशिष्ट्य उठावापेक्षा दैनंदिन प्रार्थनेत आहे. सामुदायिक प्रार्थनेत कोणत्याही एका देवाची मूर्ती समोर नसावी, केवळ एक अधिष्ठान म्हणजे रिकामे आसन असावे, ही कल्पना वरवर साधी वाटते. तिचा सामाजिक अर्थ मात्र साधा नाही. देव ठरलेला नसला की त्या देवाचा पुजारी ठरत नाही, आणि पुजारी नसला की पुढे कोणी बसावे व मागे कोणी बसावे हा प्रश्नही उरत नाही. स्वतःच्या जयंतीला 'ग्रामजयंती' हे रूप देण्यामागेही हीच दृष्टी आहे. ४१ अध्यायांच्या 'ग्रामगीते'त सामुदायिक प्रार्थनेबरोबर ग्रामआरोग्य, महिलोन्नती, श्रमसंपत्ती असे विषय ओवीत आले. मोक्षाच्या भाषेत गावच्या नालीचा आणि शेणखताचा विचार करणारा हा ग्रंथ आहे. श्रोत्याच्या शंकेला त्यात वारंवार स्थान मिळते, ही बाब अभ्यासकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

घसरणही येथूनच सुरू होते. श्रोत्याची शंका ज्या ग्रंथाच्या रचनेचा भाग आहे, त्या ग्रंथाचे पारायण सुरू झाले की शंका गळून पडते आणि ओवी तेवढी उरते. रिकाम्या आसनावर हळूहळू तसबीर येते. पुण्यतिथीचा मंडप वर्षागणिक मोठा होतो; मात्र गावच्या जमिनीच्या, मजुरीच्या, पाण्याच्या प्रश्नावर त्या मंडपात चर्चा होतेच असे नाही. राजकीय पक्षांना मंडळाचे अनुयायी हवे असतात. ग्रामगीतेतील गाव मात्र क्वचितच हवे असते. २००५ साली नागपूर विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले. त्या नावाने ग्रामगीतेच्या चिकित्सक अभ्यासाला किती बळ मिळाले, हा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकांनी स्वतःलाच विचारायचा आहे.

(३)

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली आणि दिली. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, ते तेव्हाच्या चांदा शहरात आले आणि तेथे दीक्षेचा सोहळा झाला. त्यांच्या महापरिनिर्वाणापूर्वी उणेपुरे दोन महिनेही राहिले नव्हते. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराशी निगडित असलेला हा प्रसंग नागपूरच्या सोहळ्याच्या छायेत राहिला. मराठी समीक्षेनेही त्याकडे पुरवणीच्या स्वरूपात पाहिले. वास्तविक चंद्रपूरच्या दीक्षेला स्वतंत्र अर्थ आहे. नागपूर हे गिरणी कामगारांचे, छापखान्यांचे आणि संघटनांचे शहर होते. चांद्याला जमलेला समाज मुख्यतः खेड्यापाड्यांतला आणि शेतमजुरीवर जगणारा होता. दीक्षेनंतर त्याला त्याच गावात परतायचे होते, जेथील पाटील, विहीर आणि मृत जनावर ओढण्याची सक्ती ही तिन्ही जागच्या जागी होती.

या संदर्भात बावीस प्रतिज्ञांकडे साहित्यकृती म्हणून पाहिले पाहिजे. त्यांचे व्याकरण प्रथमपुरुषी एकवचनी आहे. ग्रामगीता गावाला उद्देशून बोलते. प्रतिज्ञा उच्चारणारी व्यक्ती स्वतःला बांधून घेते. ज्या समाजाला शतकानुशतके 'ते' म्हणूनच संबोधले गेले, त्याने जाहीर सभेत 'मी' हा शब्द कर्त्याच्या जागी उच्चारणे हीच क्रांती होती. नकार देण्याचा अधिकार आधी व्यक्तीला मिळतो आणि मग त्या व्यक्तींचा समाज बनतो, असा हा क्रम आहे. १९५७ साली प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचा आरंभही पारंपरिक बुद्धचरित्रासमोर प्रश्न उभे करून होतो. प्रश्न विचारणे हे येथे श्रद्धेचे अंगच आहे.

विहाराने या दोन जिल्ह्यांत वाचनालयाचे, अभ्यासिकेचे आणि सभागृहाचे काम केले. पहिल्या पिढीतील कितीतरी शिक्षक, कारकून आणि कवी याच वातावरणातून पुढे आले. तरीही दोन मर्यादा नोंदवाव्या लागतात. पहिली अशी, की धम्म हा सर्वांसाठी खुला असूनही गावपातळीवर तो बव्हंशी एकाच पूर्वाश्रमीच्या जातीपुरता राहिला. याचा दोष दीक्षा घेणाऱ्यांवर टाकता येत नाही, कारण इतर समाजांनी त्या दाराकडे पाठ फिरवली. परंतु परिणाम तोच झाला. दुसरी मर्यादा प्रतिज्ञेच्या वार्षिकीकरणाची आहे. दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर मोठा जनसमुदाय लोटतो. पुस्तकांची दुकाने लागतात, आणि ही गोष्ट कोणत्याही पंथाला भूषणावह आहे. मात्र उच्चारलेली प्रतिज्ञा उरलेल्या वर्षभरात घराच्या आणि मोहल्ल्याच्या व्यवहाराला लावून पाहण्याची सवय जेथे सुटते, तेथे प्रतिज्ञेचाही मंत्र होतो.

(४)

तिसरी परंपरा वयाने सर्वांत जुनी आणि चळवळ म्हणून सर्वांत नवी आहे. चार, पाच, सहा आणि सात देवांच्या सगांमध्ये विभागलेला गोंड समाज, त्यांची पेन ही दैवते आणि पहांदी पारी कुपार लिंगो या आद्य धर्मगुरूची कथा या परंपरेच्या केंद्रस्थानी आहेत. ही कथा परधान गायकांनी किंगरीच्या साथीने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी त्यांची टिपणे प्रसिद्ध केली. त्यांत या कथेचा विस्तृत पाठ आढळतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांच्यासारख्या अभ्यासकांनी 'गोंडी पुनेम' या नावाने तिची धर्मतत्त्व म्हणून मांडणी केली. पहिले आदिवासी साहित्य संमेलन १९७९ साली भद्रावती येथे भरले. विनायक तुमराम यांच्या 'गोंडवन पेटले आहे'सारख्या कवितेने या अस्मितेला मराठीत उच्चार दिला.

गायकाच्या कंठातून छापील पुस्तकात झालेले हे स्थलांतर समीक्षेने तपासण्यासारखे आहे. परधानाच्या गायनात कथा त्या त्या यजमान कुळाशी जोडली जाई आणि प्रत्येक सादरीकरणात थोडी बदले. पुस्तकात ती एकच आणि पक्की झाली. संघटनेला असा पक्का पाठ लागतो, हे खरे. परंतु पक्का पाठ पुढे प्रमाणाचा आग्रह धरू लागतो. सिंधुलिपीचे वाचन गोंडीच्या आधारे करण्याचा कंगाली यांचा प्रयत्न लिपितज्ज्ञांनी मान्य केलेला नाही. गोंडी संस्कृतीची थोरवी सिद्ध करण्यासाठी तिला अतिप्राचीन ठरवण्याची गरजही नाही. ज्या परंपरेने नातेसंबंध, वनस्पती, प्राणी आणि शेतीचा हंगाम एका व्यवस्थेत बांधले, तिला पुराव्यावाचूनच्या दाव्यांचा आधार घ्यावा लागणे ही खेदाची बाब आहे. तरी असे दावे का केले जातात, हे समजून घेतले पाहिजे. जनगणनेच्या धर्मविषयक रकान्यात ज्यांना स्वतंत्र जागा नाही आणि 'इतर'मध्ये नोंद करावी लागते, त्यांना आपले असणे मोठ्या आवाजात सांगावे लागते. झारखंडच्या विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये सरना धर्मासाठी स्वतंत्र नोंदीचा ठराव केला. गोंडवनातील मागणीही त्याच जातीची आहे.

(५)

या तिन्ही परंपरांना एकाच प्रश्नापाशी उभे करून पाहिले तर वरील विवेचन अधिक स्पष्ट होते. तो प्रश्न दारूचा आहे. गुरुदेव सेवा मंडळाने व्यसनमुक्तीला धर्माचरण मानले. बावीस प्रतिज्ञांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे आणि पंचशीलातही तोच नियम येतो. गोंडांच्या पूजेत मात्र मोहाच्या दारूचे स्थान पवित्र आहे. जन्म, विवाह, मृत्यू आणि पेनपूजा यांपैकी कोणताही विधी तिचे चार थेंब भूमीला अर्पण केल्यावाचून परंपरेने पुरा होत नाही. म्हणजे एका पंथाचा नियम दुसऱ्याच्या नैवेद्यावर आघात करतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोंड सुधारकांनीही दारू आणि मांस सोडण्याचा आग्रह धरला होता. त्यात आरोग्याची तळमळ होती आणि सवर्ण हिंदू समाजात प्रतिष्ठा मिळवण्याची धडपडही होती. एकच त्याग एकासाठी आत्मोद्धार असतो आणि दुसऱ्यासाठी स्वतःच्या देवाला दिलेला निरोप.

कायद्याने हा गुंता सुटला नाही. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी लागू झाली. चंद्रपुरात स्त्रियांच्या दीर्घ आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ पासून ती आली आणि मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती उठवण्याचा निर्णय घेतला. बंदीच्या काळात चोरटी विक्री वाढली असा एक युक्तिवाद होता; बंदीने घरातील मारहाण कमी झाली हा स्त्रियांचा अनुभव त्याच्याशी तोलून पाहण्याइतके गांभीर्य सार्वजनिक चर्चेत अभावानेच दिसले. शेजारच्या दोन जिल्ह्यांत आज दोन कायदे आहेत, आणि मध्ये केवळ वैनगंगा आहे.

या प्रश्नावर अधिक शहाणपणाचे उत्तर ग्रामसभेने दाखवले आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांच्या विक्रीवर आणि सेवनावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार मान्य केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने त्याच्याही आधीपासून अभ्यासगट आणि सर्वसहमती या मार्गाने निर्णय घेण्याची पद्धत रुजवली, आणि २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याचा समावेश झाला. या पद्धतीत सर्वोदयाचा संस्कार आहे आणि गोटुलाच्या सभेची जुनी रीतही आहे. नैवेद्याची दारू आणि धंद्याची दारू यांतील फरक मुंबईच्या अधिसूचनेला करता येत नाही. तो गावातल्या बायकांना करता येतो, कारण कोणत्या घरात काय चालते हे त्यांना ठाऊक असते. धर्माची मर्यादा धर्म पाळणाऱ्यांनीच, परंतु उघड सभेत आणि स्त्रियांच्या उपस्थितीत ठरवावी, हा या अनुभवाचा अर्थ आहे.

(६)

या भूमिकेवर आक्षेप येणे स्वाभाविक आहे. पहिला आक्षेप असा, की भुकेच्या आणि जमिनीच्या प्रश्नांपुढे पंथांची चर्चा गौण ठरते. किंबहुना पंथ मूळ संघर्षावरून लक्ष उडवतात. १९८० नंतर गडचिरोलीच्या जंगलात आलेल्या नक्षलवादी चळवळीची भूमिका अशीच होती. तिने तेंदूपानाच्या मजुरीचा प्रश्न हाती घेतला, हे नाकारता येत नाही. परंतु धर्माला गौण मानणाऱ्या त्या चळवळीनेही हुतात्मा सप्ताह पाळले, गावोगावी स्मारकस्तंभ उभारले आणि शंका घेणाऱ्याला खबऱ्या ठरवून मृत्युदंड दिला. प्रश्नाला जागा नसली की देव न मानणारी संघटनाही कडव्या पंथासारखी वागू लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या चळवळीच्या एका ज्येष्ठ नेत्याने सुमारे साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. बंदुकीने रिकाम्या केलेल्या जागेत आता कोण बोलणार, हा प्रश्न त्यामुळे तातडीचा झाला आहे.

दुसरा आक्षेप नेमका उलट आहे. आदिवासींच्या श्रद्धांचा आधार घेऊन विकासाला विरोध केला जातो, असे म्हटले जाते. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचा डोंगर या वादाच्या मध्यभागी आहे. परिसरातील गावे तेथे ठाकूरदेवाची पूजा करतात आणि जानेवारीत यात्रा भरवतात. त्याच डोंगरातून लोहखनिज काढले जाते. खाणीने रोजगार दिला, असे मानणारी माणसेही त्याच तालुक्यात आहेत आणि त्यांचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये डोंगरावरील धार्मिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला होता. त्या निर्णयाचे महत्त्व असे, की न्यायालयाने देव कोणता आणि खरा की खोटा हे ठरवले नाही. ते ठरवणारी सभा कोणती, हे सांगितले. सुरजागडच्या बाबतीत तीच कसोटी लावायला अडचण का वाटावी? ज्या देवाला मंदिर नाही, विश्वस्त नाहीत आणि सातबाऱ्यावर नाव नाही, त्याची बाजू मांडणारी एकच संस्था आहे, ती म्हणजे ग्रामसभा.

(७)

आधुनिक समाजात पंथांचे आणि धार्मिक चळवळींचे स्थान काय, या मूळ प्रश्नाकडे आता परत येता येते. राज्यसंस्था दूर असते, पक्ष निवडणुकीपुरते येतात आणि बाजार केवळ घेण्यादेण्याचे नाते जाणतो. अशा प्रदेशात माणसांना एकमेकांसमोर बसवणाऱ्या संस्था पंथांनीच उभ्या केल्या. प्रार्थनेने जातीची पंगत मोडण्याचा प्रयत्न केला, दीक्षेने व्यक्तीला नकाराचा अधिकार दिला आणि पेनपूजेने जंगलाशी असलेले नाते मालकीच्या भाषेत बुडू दिले नाही. या तिन्ही देणग्या एकमेकींना पूरक आहेत. गावाचा विचार 'मी'वाचून सक्तीचा होतो, 'मी'चा विचार गावावाचून एकाकी पडतो, आणि भूमीचे भान नसेल तर दोघांच्याही पायाखालची जागा जाते. परंतु ज्या दिवशी पंथ आपल्या संस्थापकाला प्रश्नांच्या पलीकडे नेतो, त्या दिवसापासून तो केवळ संख्या उरतो आणि संख्येचे गिऱ्हाईक नेहमीच तयार असते.

मराठी विभागांपुढील कर्तव्य या दृष्टीने स्पष्ट आहे. ग्रामगीता, बावीस प्रतिज्ञा आणि लिंगोकथा यांना तीन पत्रिकांतून बाहेर काढून एका अभ्यासघटकात, एकमेकींच्या शेजारी ठेवून वाचले पाहिजे. प्रार्थना मंडळातील वृद्धांच्या, विहारातील स्त्रियांच्या आणि उरल्यासुरल्या परधान गायकांच्या आठवणींचे संकलन तातडीने व्हायला हवे; गायकांच्या बाबतीत विलंब परवडणारा नाही. २०११ पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. संशोधक विद्यार्थ्यांना आता नागपूरच्या वाऱ्या करण्याचे कारण राहिलेले नाही.

या संदर्भात धानोरा तालुक्यातील मोहगावचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. तेथील ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली आणि तिच्या नावात 'गोटूल' हा शब्द ठेवला. शिक्षण खात्याच्या लेखी ती शाळा अनधिकृत ठरली. धर्म, भाषा, शिक्षण आणि ग्रामसभा हे चार विषय अभ्यासक्रमात वेगवेगळे असले तरी त्या शाळेच्या एकाच छपराखाली ते एकत्र आले आहेत. त्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात लिंगो असेल, हे निश्चित. तुकडोजी महाराज आणि बाबासाहेबही त्यात असतील काय, आणि शेजारच्या गावातील मराठी शाळेच्या पुस्तकात लिंगो येईल काय, या दोन प्रश्नांची उत्तरे परस्परांवर अवलंबून आहेत. ती शोधण्याची जबाबदारी मराठीच्या अध्यापकांना टाळता येणार नाही.